दोन पंप जास्त

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून जो भेटतो तो कांगारूचं विचारतो. कांगारू मी एकच पाहिला, गाडीतून, तोही पाठमोरा. तिकडचा समुद्र पाहिला नाही, मोठी शहरं विमानतळापुरती पाहिली. पाच आठवडे मी नदीकाठच्या एका द्राक्षांच्या गावात राहिलो आणि त्यातला एक आख्खा आठवडा एका म्हाताऱ्याच्या फाटलेल्या बॉलपायी मला धड झोप लागली नाही. तो बॉल फाडला होता मीच. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगायला बसलोय.

नाशिकला मेन रोडला लागून एका बोळात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. अडतीस वर्षं मी त्याच स्टुलावर बसतो. मुलगी स्वाती दिंडोरीच्या एका द्राक्ष बागाईतदाराच्या घरात दिली. जावई योगेश द्राक्षांचंच शिकला आणि तिकडच्या एका मळ्यात नोकरीला लागला. यंदा त्यांना मुलगी झाली. दोन्ही आज्या आधीच तिकडे जाऊन बसल्या होत्या. बारावा दिवस केव्हाच उलटला होता, पण दोन्ही आजोबा आल्याशिवाय बारसं करायचं नाही असं त्या दोघींनी ठरवलं. मग जुलैच्या सुरुवातीला मी आणि माझे व्याही निवृत्तीआण्णा निघालो.

आण्णा म्हणजे पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि डोक्यावर पांढरी टोपी. शेतात तेच, लग्नात तेच आणि विमानातही तेच. त्यांनी बॅगेत शेंगदाण्याची चटणी, हरभरे आणि द्राक्षाची छाटणी करायची कात्री घेतली होती. तिकडच्या विमानतळावर बी-बियाणं आणि माती यांची फार कडक तपासणी असते. हरभरे काढून घेतले, चटणी हुंगून परत दिली आणि कात्रीला माती लागली होती म्हणून ती आत नेऊन धुऊन पुसून आणून दिली. आण्णा खूश झाले.

"आपल्याकडं एवढी सेवा कोन करतो?" ते म्हणाले.

रविवार, बारसं

नाशिकहून निघालो तेव्हा पाऊस लागून राहिला होता. इथे कडाक्याची थंडी. सकाळी गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं असायचं आणि त्याच्यापलीकडे मैलभर नुसत्या उघड्या, काळ्या द्राक्षवेली. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, चैत्रात काडीसाठी खरड छाटणी आणि दसऱ्याच्या पुढेमागे फळासाठी गोडी छाटणी, वेलीला उसंत कशी ती नाही. इथली वेल थंडीत पानं टाकून चार महिने झोपते. आण्णा त्या वेलींच्या रांगेत जाऊन उभे राहिले ते हलेचनात.

"मेल्या का झोपल्या ह्या?" त्यांनी योगेशला विचारलं.

"झोपल्या, आण्णा."

"आनि मालक?"

"मालक पण सुट्टीवर गेलाय."

आण्णांनी एका काडीला नख लावून साल खरवडली, आतला हिरवा रंग पाहिला आणि मगच त्यांचा विश्वास बसला.

बारसं घरातच झालं. हरभरे गेले होते, पण स्वातीने तिथल्या दुकानातून काबुली चणे आणले आणि दोन्ही आज्यांनी नाकं मुरडत त्यांच्याच घुगऱ्या केल्या. नाव ठेवलं रेवा. घुगऱ्या शेजारीपाजारी वाटायचं काम आम्हा दोघांकडे आलं, कारण घरात आम्ही सगळ्यांच्या पायात येत होतो.

शेजारी म्हणजे एकच घर, बर्टचं. बर्ट ऐंशीला टेकलेला, बायको वारलेली, मुलं लांब. उंच माणूस, पण उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे चालताना एका बाजूला झुकायचा. आयुष्यभर मळ्यात राबला आणि तरुणपणी गावच्या संघातून तिकडचा फुटबॉल खेळला. त्याने मला नाव विचारलं. सुधाकर म्हटल्यावर त्याने ते लगेच तोडून 'सुधा' केलं. माझ्या मोठ्या वहिनींचं नाव सुधा आहे, पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता. पुढे मी त्याचं बोलणं मराठीतच देतोय आणि त्याला एकेरी लिहितोय, कारण तिकडे अहो-जाहो नाही आणि त्याने ते मागितलंही नाही.

आण्णांनी वाटी पुढे केली आणि चक्क मराठीत सांगितलं, "नातीचं बारसं झालं. घुगऱ्या हायेत. खा."

बर्टने उभ्या उभ्या सगळी वाटी संपवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू काय करतोस?"

"बॉल विकतो," मी म्हणालो.

"मग उद्या शेडमध्ये ये," तो म्हणाला.

सोमवार, बर्टची शेड

ही शेड म्हणजे आपल्या मळ्यातली खोलीच, फक्त प्रत्येक हत्याराला भिंतीवर खिळा. मधोमध एका आकड्याला जाळीच्या पिशवीत एक बॉल टांगला होता.

ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉल लांबट असतो, चामड्याच्या चार पाकळ्या शिवून केलेला. मैदान क्रिकेटचंच. दोन्ही टोकांना चार चार खांब एका ओळीत उभे, मधले दोन उंच, बाजूचे दोन ठेंगणे. पायाने मारलेला बॉल मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, उंच आणि ठेंगण्या खांबाच्या मधून गेला तर एक. तिथला पंच पूर्वी पांढरा कोट घालून उंच खांबांमध्ये उभा राहायचा आणि गुण बोटांनी दाखवायचा, सहाला दोन बोटं, एकाला एक. धरपकड, उड्या, पडापडी असं बाकी पुष्कळ आहे, पण बर्टला त्यातली एकच गोष्ट प्यारी होती, बॉलला लाथ मारणं.

"ह्याला पपई म्हनायचं का काय?" आण्णांनी बॉल पाहून विचारलं. मी दटावलं.

बर्टने तो काढून माझ्या हातात दिला. माझ्या हातांनी अडतीस वर्षांत हजारो बॉल उलटेपालटे केले असतील, पण असा नाही. जुनं, काळपट तांबूस चामडं, टाके एकेक हाताने घातलेले. हवा उतरलेली होती तरी आकार लक्षात येत होता. गुबगुबीत होता. दोन्ही टोकं बोथट, त्यावर माझा अंगठा आडवा बसत होता.

मग बर्टने नवा बॉल काढला, क्लबातून आणलेला. तो सडपातळ, टोकं निमुळती, चामड्यावर पकडीसाठी बारीक दाणा आणि पाणी शोषू नये म्हणून वरून लेप. टोकावर माझ्या अंगठ्याचं जेमतेम पेर टेकलं.

"आता बघ," बर्ट म्हणाला आणि मला तो प्रकार समजावून दिला. त्याच्या तरुणपणी लोक बॉल हातातून जमिनीवर सोडत आणि तो टेकून उसळायला लागतो त्याच क्षणी लाथ मारत. बॉल उलटा गरगरत, जमिनीला धरून, सुतासारखा सरळ जायचा. त्यात सगळी मदार टोकावर. टोक बोथट असेल तर बॉल टेकून सरळ वर येतो. टोक अणकुचीदार असेल तर तो कुठे घसरेल याचा नेम नाही. त्याच्या मते बॉल बारीक होत गेला तशी ती लाथ मेली. आता सगळे बॉल जमिनीला लागू न देता थेट पायावर सोडतात.

"बरोबर मारली की एकच आवाज येतो," बर्ट म्हणाला. "जमिनीचा आणि बुटाचा मिळून एक. दोन आवाज आले की समजायचं, गेला."

दुकानदार म्हणून मला एक शंका आली आणि मी ती बोलून दाखवली. चामडं वापराने सैलावतं. आपल्याकडेही जुना फुटबॉल फुगत जातो. हा बॉल गुबगुबीत आहे तो मुळातला की वयाने झालेला?

"मुळातला," बर्ट म्हणाला. त्यावर वाद घालायला जागा नव्हती.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. येत्या शनिवारी क्लबाच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा मेळावा होता. पुढच्या मंगळवारी त्याचा उजवा गुडघा काढून नवा बसवणार होते. नव्या गुडघ्याने लाथा मारायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे शनिवारी, याच बॉलने, एकदाच. पंचावन्न वर्षांपूर्वी एका मोठ्या सामन्यात त्याच मैदानावर एका जागेवरून त्याने अगदी शेवटची लाथ मारली होती आणि दोन आवाज आले होते. संघ हरला होता. त्यानंतर तो कितीदा खेळला, पण त्या जागेवरून पुन्हा मारायची त्याला हिंमत झाली नव्हती. हे सगळं त्याने हसत हसत सांगितलं, पण बॉल पुन्हा हातात घेताना तो हसत नव्हता.

"थोडी हवा भर," तो मला म्हणाला. "जपून. म्हातारा आहे. मी चहा टाकतो."

आता माझी चूक सांगतो. नाशिकला गिऱ्हाईक दुकानात आलं की बॉल उचलतं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबतं. जरा दबला की लगेच, "काका, हवा कमी आहे." म्हणून मी प्रत्येक बॉलला हवे तेवढे पंप मारून झाले की वर दोन पंप जास्त मारतो. ते मी मोजत नाही, हातच मारतो. बर्टच्या शेडमध्येही हाताने तेच केलं.

पहिल्या जादा पंपाला चामडं कुरकुरलं. दुसऱ्याला टोकाजवळची शिवण टराटरा उसवत वीतभर गेली आणि आतला लाल रबरी ब्लॅडर बाहेर डोकावला.

बर्ट तीन कप घेऊन दारात उभा होता. त्याने बॉलकडे पाहिलं. मग कप ठेवले आणि म्हणाला, "काही हरकत नाही."

तो हे तीनदा म्हणाला. चहा मात्र त्याने प्यायला नाही, आणि मग आम्हालाही पिता येईना. तिन्ही कप तसेच ठेवून आम्ही बाहेर पडलो.

फाटकाशी आल्यावर आण्णा म्हणाले, "व्याही, त्या मानसाचा जीव व्हता त्याच्यात."

घरी स्वाती म्हणाली, "बाबा, इथे पण दुकान चालवलंत का?" माझ्या बायकोने माझ्या ताटात एक पोळी कमी वाढली.

मंगळवार, मैदान

संध्याकाळी योगेश आम्हाला मैदानावर घेऊन गेला. मुलींच्या संघाचा सराव होता. दिव्यांच्या उजेडात दिसावा म्हणून बॉल पिवळा, आणि मुलींचा म्हणून आकाराने थोडा लहान. टेस नावाची तिशीची बाई त्यांना शिकवत होती. बर्ट कट्ट्यावर बसला होता. मला पाहून त्याने हात केला, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

टेसने मला नवी लाथ शिकवायची ठरवली. बॉल उभा धरायचा, टोक खाली, आणि सरळ पायावर सोडायचा. मी थंडीमुळे मोज्यांवर सँडल घातले होते. बॉल जिथल्या तिथे पडला आणि सँडल पिवळ्या बॉलपेक्षा लांब गेला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने तो धावत जाऊन दोन्ही हातांनी अदबीने आणून दिला.

बर्टच्या म्हणण्याबद्दल मी टेसला विचारलं. तिचं मत वेगळं होतं. बॉल बारीक झाला हे खरं, ती म्हणाली, पण ती लाथ शिकवणाऱ्यांनीच संपवली. जमिनीवर सोडलेला बॉल चिखलात, वाऱ्यात कुठेही जातो, आणि दहातला एक चुकला तरी सामना जातो. थेट पायावर सोडला की भरवसा असतो. एकदा सगळे तसंच मारायला लागल्यावर बॉलही त्या लाथेला सोयीचा होत गेला. "आधी काय झालं ते मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "पण हे बर्टला सांगू नका." मला तिचं म्हणणं पटलं आणि बर्टचंही पटलेलं होतं.

सराव संपल्यावर टेसने एक नवा बॉल बर्टकडे टाकला. "शनिवारी हाच घे. बघ जमतोय का."

बर्ट उठला. गवतावर उभं राहून त्याने बॉल फिरवून टोक खाली केलं, सोडला आणि हलकेच पाय मारला. टप्, मग ठप्. बॉल टोकावर घसरून आडवा निघाला आणि कुंपणाला लागला. बर्ट गुडघा धरून वाकला. मुली बाटल्या गोळा करायला लागल्या.

परतताना मी योगेशला गाडी बर्टच्या दारात थांबवायला सांगितली.

"तो बॉल मला दे," मी बर्टला म्हणालो. "शिवून देतो."

"तुला शिवता येतो?"

"येत होता," मी म्हणालो. वडिलांच्या काळात दुकानात बॉल शिवणारे एक कारागीर होते. त्यांच्या हाताखाली मी दोन सुट्ट्या काढल्या होत्या. त्याला पन्नास वर्षं झाली होती, पण तेवढं मी बर्टला सांगितलं नाही.

बर्टने मला बॉल दिला, आणि त्याचबरोबर चामड्याला लावायच्या चरबीचा एक जुना डबा.

शुक्रवार, न्हाणीघरातला कारखाना

बुधवार-गुरुवार मी चामड्याला चरबी चोळत होतो. घरभर वास सुटला. तान्ह्या मुलीच्या घरात हे चालणार नाही, असं दोन्ही आज्यांनी एकमताने ठरवलं आणि मला न्हाणीघरात बसवलं. स्वाती-योगेशच्या लग्नापासून, बारशाची तारीख सोडली तर, त्या दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. सुया आणि जाड दोरा शेतीसामानाच्या दुकानात मिळाला. मेण मिळालं मधवाल्याकडे.

बॉल शिवायचा तर आधी त्याच्या पोटावरच्या फटीची नाडी सोडायची, ब्लॅडर बाहेर काढायचा आणि त्या फटीतून सगळं चामडं उलटं करायचं. मग आतल्या बाजूने, एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून, एकाच भोकातून दोन्हीकडून टाका ओढायचा. सगळं आठवत होतं. हातांना मात्र जमेना. सुईत दोरा जाईना.

"आना हिकडं," आण्णा म्हणाले. त्यांनी दोरा मेणात बुडवला, बोटांत पिळला आणि एका झटक्यात ओवला. आयुष्यभर कलमं बांधलेला माणूस. काडीला काडी बेतून दोरी आवळणं म्हणजे त्यांना जांभई देण्याइतकं सोपं. मग ते टबाच्या काठावर बसले आणि चामडं दोन्ही गुडघ्यांत धरलं. मी टाके घालायचो, ते ओढून आवळायचे.

सातव्या-आठव्या टाक्याला अडचण कळली. टोकाजवळ काही जुनी भोकं फाटून एक झाली होती. दोनच मार्ग होते. शिवण जुन्या भोकांच्या जरा आत घ्यायची, म्हणजे चामडं मजबूत लागेल, पण तेवढंच टोक आवळलं जाऊन निमुळतं होईल. मी चिमटीत धरून पाहिलं. दाणाभर आत घेतलं तरी टोक बदलत होतं आणि हुबेहूब नव्या बॉलसारखं दिसत होतं. नाहीतर जुन्याच भोकांतून शिवायचं, म्हणजे आकार राहील, पण शिवण कधी दगा देईल सांगता येत नाही.

मी तसाच उठलो आणि चरबीच्या हातांनी बर्टच्या दारात जाऊन त्याला विचारलं.

त्याने फार वेळ घेतला नाही. "टोक तसंच राहू दे," तो म्हणाला. "मला एकदाच मारायचाय."

परत आल्यावर मी आण्णांना सांगितलं. जुन्या भोकांतून शिवायचं तर आतून एक पट्टी लावायला हवी होती, पातळ पण घट्ट विणीची. माझ्या बायकोने रुमाल दिला, तो फार विरविरीत निघाला. आण्णा उठून गेले आणि बॅगेतली दुसरी टोपी घेऊन आले, घडीची, कडक इस्त्रीची.

"अहो आण्णा, टोपी कशाला?" मी म्हणालो.

"डोक्याव एक हाय ना? दोन टोप्या एकदम घालतो का कोनी?" असं म्हणून त्यांनी छाटणीच्या कात्रीने टोपी उभी कापली.

ती पट्टी आतून लावून आम्ही जुन्याच भोकांतून टाके पुरे केले. अंधार पडायच्या आत बॉल उलटून सरळ केला, ब्लॅडर घातला, नाडी बांधली. हवा भरली नाही.

शनिवार

मैदानावर पन्नासेक म्हातारे जमले होते, जाड कोट, हातात गरम पाय. पाय म्हणजे आतून खिमा भरलेली कचोरी. कशाचा खिमा ते विचारून मी मागे फिरलो आणि भाजीची मागून घेतली. वरून टोमॅटो सॉस ओतून ती उभ्याने खायची पद्धत आहे. तर्री नसलेली मिसळ खाल्ल्यासारखं वाटलं, पण थंडीत गरम होती.

आण्णांना पाहून म्हाताऱ्यांत चुळबुळ झाली. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. एकाने येऊन योगेशला काहीतरी विचारलं आणि योगेश हसत हसत म्हणाला, "आण्णा, हे म्हणतात त्यांच्या वेळचे पंच असेच दिसायचे. बर्टची लाथ बघायला खांबात तुम्ही उभे राहा."

आण्णांनी नियम दोनदा विचारून घेतले. मध्ये गेला तर दोन बोटं, कडेने गेला तर एक. मग ते मैदान ओलांडून गेले आणि दोन उंच खांबांमध्ये हात मागे बांधून उभे राहिले.

मी पंप लावला. बर्ट शेजारी उभा होता. एकेक पंप मारत होतो आणि शिवणीवर कान होता. बॉल भरत आला तसा हात आपोआप पुढच्या दोन पंपांसाठी वर गेला. मी तो तिथेच थांबवला.

"अजून?" मी विचारलं.

बर्टने एका अंगठ्याने दाबून पाहिलं. चांगलाच दबला. नाशिकला असा बॉल कुणी फुकट नेला नसता. "पुरे," तो म्हणाला.

तो त्याच्या जागेवर गेला. ती जागा त्याला कुणी दाखवावी लागली नाही. बॉल हातात फिरवून त्याने नाडी पुढे केली, टोक किंचित आपल्याकडे कलवलं. मला भीती एकाच गोष्टीची होती, की बॉल टेकताच टाके जातील आणि या माणसाला मी दुसऱ्यांदा फसवलेलं असेल. खरं सांगतो, मी गणपतीचं नाव घेतलं.

बर्ट तीन पावलं चालला. धावणं शक्यच नव्हतं. बॉल सोडला.

एकच आवाज आला.

बॉल खाली राहूनच निघाला, उलटा गरगरत, सरळ. मग वाऱ्याने की गुडघ्याने, शेवटी शेवटी जरासा डावीकडे सरकला आणि उंच खांबाला घासून बाहेरच्या अंगाने गेला. आण्णा वाकून पाहत होते. ते ताठ झाले, टोपी नीट केली आणि उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं.

म्हातारे ओरडायला लागले. दोन दे, दोन! एकाने तर स्वतःची दोन्ही बोटं वर करून त्यांना दाखवली.

"नाय!" आण्णा तिथूनच ओरडले. "खांबाच्या भाईरून गेला. म्या डोळ्यानं पाह्यलं. एकच!"

योगेशने भाषांतर केलं. सगळ्यांनी बर्टकडे पाहिलं. बर्ट इतका हसत होता की त्याला गुडघ्यावर हात ठेवून उभं राहावं लागलं. "तो बरोबर सांगतोय," तो म्हणाला. मग माझा दंड धरून त्याने विचारलं, "आवाज ऐकलास?"

"ऐकला."

"किती?"

मीही आण्णांसारखं एक बोट दाखवलं. त्याने दंड सोडला नाही.

आण्णा बॉल घेऊन आले. तो पायाचा मार खाऊन आला होता म्हणून त्यांनी आधी कपाळाला लावला आणि मग बर्टच्या हातात दिला. टाके शाबूत होते. बर्ट कट्ट्यावर बसला, बॉल मांडीवर घेतला, टोकाची शिवण बोटाने चाचपली आणि मग तो माझ्यापुढे केला.

"हवा काढ," तो म्हणाला. "आता त्याला ताण नको."

मी पिन घातली. अडतीस वर्षं मी बॉलमध्ये हवा भरतोय. काढायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हवा सूं सूं करत निघाली आणि बॉल आमच्या दोघांच्या हातांत हळूहळू मऊ पडत गेला. सगळी गेल्यावर बर्टने त्याची घडी करून कोटाच्या आत ठेवली आणि उठायला माझा हात मागितला.

"घरी चल," तो म्हणाला. "आण्णालाही घे. सोमवारचा चहा राहिलाय."